जपानात तरी पर्मनंट करतेत का?

१/
आजचा धागा किल्ल्यांचा नाही, ताम्रपटांचाही नाही. आळंदीतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरून निघून आपल्याला टोक्योपर्यंत जायचे आहे. वाटेत मुंबईच्या गिरण्या लागतील, पिंपरी-चिंचवडचे कारखाने लागतील. विषय आहे जपानी कारखानदारी आणि तिच्यात राबलेली माणसे. त्या कारखानदारीतले आपल्याकडे काय आले आणि काय मागे राहिले, हे पाहायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आळंदी म्हटले की इंद्रायणी, १२९६ सालची ज्ञानेश्वरांची समाधी, आषाढीचे प्रस्थान आणि कार्तिकीची यात्रा डोळ्यांपुढे येते. आमच्या आजोबांनी वरच्या खोल्या बांधल्या त्या वारकऱ्यांसाठी. वर्षातून दोनदा त्या भरत, एरवी कुलूप असे. गेली पंधरा-वीस वर्षे मात्र कुलूप लागलेले नाही. चाकण, भोसरी, मरकळ येथील कारखान्यांत जाणारी मुले तेथे कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार कॉट असतात, आणि पाळ्या वेगळ्या असतील तर एका कॉटवर दोघे झोपतात. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांच्या रंगावरून कोणाची कंपनी बदलली, हे आईला कळते.

३/
त्यांतला एक मुलगा परभणी जिल्ह्यातला. आयटीआय झालेला, फिटर. चार वर्षांत त्याने चाकण पट्ट्यात तीन कंपन्या केल्या. प्रत्येक ठिकाणी सात महिने, मग ‘ब्रेक’. सातच महिने का, याचे कारण त्याला पाठ आहे. वर्षभरात २४० दिवस भरले की कायद्याने सलग सेवेचे काही हक्क लागू होतात. ते लागू होण्याआधीच माणूस बदलला जातो.

४/
गेल्या कार्तिकीनंतर तो संध्याकाळी जपानी शिकू लागला. एका एजन्सीने जपानमधील कारखान्यात काम लावून देण्याचे कबूल केले होते. त्यासाठी लागणाऱ्या रकमेपायी गावाकडची दोन एकर जमीन गहाण टाकण्याचा विषय घरी निघाला होता. एका रात्री भाडे द्यायला खाली आला तेव्हा त्याने मला विचारले, “ताई, तुमी इतिहास शिकवता म्हणून इचारतो. जपानात तरी पर्मनंट करतेत का हो?”

मला उत्तर देता आले नाही. हा धागा म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

५/
शोधाची सुरुवात घरातल्याच एका खणातून झाली. त्या खणात माझ्या वडिलांचे, आण्णांचे, एक पितळी स्मृतिचिन्ह पालथे पडलेले असते. त्यावर ‘क्वालिटी सर्कल स्पर्धा, १९९२’ असे कोरलेले आहे. आण्णा पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात मशिन शॉपमध्ये होते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच शब्द ते आजही एका दमात म्हणतात. निवड, मांडणी, स्वच्छता, सातत्य आणि शिस्त असा त्यांचा साधारण अर्थ. लहानपणी मला तो कुठल्यातरी स्तोत्राचा भाग वाटत असे.

६/
आण्णांच्या गटाने १९९२ मध्ये केले ते असे. त्यांच्या यंत्रावर तयार झालेले भाग एक हेल्पर ट्रॉलीत भरून धुलाईच्या टाकीपर्यंत नेत असे. अंतर फार नव्हते, पण दिवसाला शेकडो फेऱ्या होत. गटाने भंगारातल्या पत्र्याची एक उतरती पन्हळ तयार केली. भाग आपल्या वजनाने घसरत थेट टाकीपाशी जाऊ लागले. वीज लागली नाही, खर्च जवळजवळ शून्य. कारखान्यातल्या सभेत आण्णांनी ती योजना फळ्यावर काढून दाखवली. साहेबांसमोर माइक हातात धरण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

७/
ट्रॉली ढकलणाऱ्या हेल्परना सगळे ‘मामा’ म्हणत. ते खेड तालुक्यातले. सहा वर्षे टेम्पररी होते. मधूनमधून ब्रेक मिळे आणि पुन्हा बोलावणे येई. पन्हळ लागल्यानंतरच्या ब्रेकनंतर बोलावणे आले नाही. पुढे ते राजगुरुनगरच्या बाजारात भाजी विकायला बसत. आण्णा तिकडे गेले की त्यांच्याकडूनच भाजी घेत. पन्हळीचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही. स्मृतिचिन्ह भिंतीवरून खणात केव्हा गेले ते मला आठवत नाही. का गेले, ते आता समजते.

८/
तेव्हा प्रश्न असा. सुधारणा झाली, एका माणसाचे काम वाचले. त्या वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते? जपानी कारखानदारीचा कामगारांच्या बाजूने लिहिलेला सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येतो. आणि मराठी माणसाचा या प्रश्नाशी संबंध पिंपरीच्या कितीतरी आधीचा आहे.

९/
नोव्हेंबर १८९३. निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने कोबे-मुंबई ही आगबोटींची नियमित वाहतूक सुरू केली. जमशेटजी टाटांनी त्यात पुढाकार घेतला होता. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी मोडून स्वस्त भाड्यात कापूस जपानला पोहोचवणे हा हेतू. मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर जपानी गिरण्या वाढल्या. पुढे त्याच गिरण्यांच्या सुताने चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला मागे सारले.

१०/
त्या जपानी गिरण्यांत बहुसंख्य कामगार खेड्यांतून आणलेल्या तरुण मुली होत्या. आईबापांना आगाऊ रक्कम देऊन करार होत. मुली गिरणीच्या आवारातील वसतिगृहांत राहत आणि आळीपाळीने रात्रपाळी करत. यंत्रे रात्रंदिवस चालत. मुंबईच्या गिरणीमालकांची तक्रार होती की स्त्रियांच्या रात्रपाळीच्या बळावर जपानी माल स्वस्त पडतो. १९२७ च्या टॅरिफ बोर्डाच्या अहवालातही हा मुद्दा आला. जपानमध्ये स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली ती जुलै १९२९ मध्ये.

११/
याच काळात साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग सिद्ध केला. धागा तुटताच हा माग आपोआप थांबे. त्यामुळे विणकराला एकाच मागाकडे टक लावून उभे राहावे लागेना, एक माणूस अनेक माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. पुढे याच घराण्याने मोटारी बनवल्या आणि नाव झाले टोयोटा. ‘दोष दिसताच यंत्र थांबवा’ हे आज चाकणच्या प्रत्येक असेंब्ली लाइनवर ऐकू येणारे सूत्र मूळचे कापडाच्या मागावरचे आहे.

१२/
एका माणसाने अधिक माग सांभाळावे, हा विचार मुंबईतही आला. गिरणगावात मागाला ‘साचा’ म्हणत. दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवावेत, कताईखात्यात एकाच्या जागी दोन बाजू सांभाळाव्यात, अशा योजना मालकांनी आणल्या. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला तो मुख्यतः या योजनांच्या विरोधात. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. त्यांत कोकणातले होते तसे घाटावरचेही. त्यांचा प्रश्न मामांचाच होता: तिसरा साचा मी चालवायचा, तर तो चालवणारा माझा गाववाला कोठे जाणार?

१३/
गिरणीच्या फाटकाशी रोज सकाळी उभा राहणारा ‘बदली’ कामगार अनेकांनी आजोबांच्या आठवणींत ऐकला असेल. कोणी गैरहजर राहिला तर त्याला आत घेत, नाहीतर तो परत जाई. आज आमच्या वरच्या खोलीतली मुले मोबाइलवर ठेकेदाराच्या निरोपाची वाट पाहतात. फाटक खिशात आले, एवढाच फरक.

१४/
आता युद्धोत्तर जपान. ‘जपानी कामगार कंपनीवर निष्ठा ठेवतो आणि कंपनी त्याला जन्मभर सांभाळते, ही त्यांची प्राचीन संस्कृतीच आहे,’ असे आपल्याकडे व्याख्यानांतून सांगितले जाते. इतिहास काही वेगळे सांगतो. १९४९ च्या आर्थिक काटकसरीत टोयोटा अडचणीत आली. नोकऱ्या टिकाव्यात म्हणून कामगारांनी १० टक्के वेतनकपात मान्य केली. तरीही १९५० मध्ये कंपनीने कपात जाहीर केली. संप झाला, दोन हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले आणि अध्यक्ष कीइचिरो तोयोदा यांनी राजीनामा दिला. त्याच जूनमध्ये कोरियन युद्ध सुरू झाले, ट्रकांच्या मागण्या आल्या आणि कंपनी तरली.

१५/
१९५३ मध्ये निस्सानमध्ये दीर्घ संघर्ष झाला. लढाऊ संघटना मोडली आणि तिच्या जागी कंपनीशी जुळवून घेणारी संघटना उभी राहिली. अशा संघर्षांतून हळूहळू एक तडजोड आकाराला आली. कामगार नवी यंत्रे व नव्या पद्धती स्वीकारतील, सूचना देतील. बदल्यात कंपनी नियमित कामगाराला निवृत्तीपर्यंत काढणार नाही. १९५८ मध्ये जेम्स अबेग्लेन या अमेरिकन अभ्यासकाने या आजीव बांधिलकीवर पुस्तक लिहिले आणि जगाला ती माहीत झाली. तेव्हा ही ‘प्राचीन परंपरा’ जेमतेम काही वर्षांची होती.

१६/
या तडजोडीचा एक लेखी दस्तऐवज आहे. माझ्या मते आपल्या पट्ट्यातील प्रत्येक ट्रेनिंग रूममध्ये तो टांगलेला असायला हवा. १९५५ मध्ये जपान उत्पादकता केंद्र स्थापन झाले. त्याने तीन तत्त्वे जाहीर केली. पहिले, उत्पादकतेतून रोजगार वाढला पाहिजे, आणि मधल्या काळात जी माणसे अतिरिक्त ठरतील त्यांची अन्यत्र नेमणूक वगैरे करून त्यांना बेकार होऊ न देण्याची जबाबदारी सरकार व उद्योग मिळून घेतील. दुसरे, पद्धती कामगार व व्यवस्थापन यांच्या विचारविनिमयाने ठरतील. तिसरे, फायदा व्यवस्थापन, कामगार आणि ग्राहक यांत न्याय्य रीतीने वाटला जाईल.

१७/
हे पहिले तत्त्व पुन्हा वाचा. पन्हळ लावल्यावर मामांचे काय, याचे उत्तर त्यात आधीच लिहिले आहे. ते सर्वांना पुरेसे वाटले नव्हते. सोह्यो हा त्या वेळचा सर्वांत मोठा डावा कामगार महासंघ या चळवळीपासून दूरच राहिला. तरी प्रश्न मान्य तरी झाला होता. सुधारणेची सूचना कामगाराने स्वतःहून द्यावी, अशी अपेक्षा असेल, तर त्या सूचनेने आपल्याच शेजाऱ्याची भाकरी जाणार नाही, एवढी खात्री त्याला द्यावी लागते, हे तेथील धुरीणांना उमगले होते.

१८/
भारताला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५६ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली भारतीय उत्पादकता शिष्टमंडळ जपानला गेले होते. त्यानंतर १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १९६२ मध्ये जपानात कारखान्यातील लहान गटांची, म्हणजे क्वालिटी सर्कलची चळवळ सुरू झाली. तिच्यामागे काओरू इशिकावा होते. योगायोग असा की आपले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही १९६२ चेच.

१९/
पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होतीच. साठच्या दशकात बजाज ऑटो, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. गावाकडून आलेला, आयटीआय झालेला, पर्मनंट नोकरी, घरासाठी कर्ज आणि मुलांना इंग्रजी शाळा असा एक नवा मराठी कामगारवर्ग येथे घडला. आण्णा त्यांतलेच. माझे शिक्षण त्याच नोकरीवर झाले, हे येथे नमूद करायला हवे.

२०/
ऐंशीच्या दशकात जपान प्रत्यक्ष दाराशी आला. सुझुकीबरोबरच्या करारातून डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली. हलक्या ट्रकांच्या बाजारात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा व निस्सान या चौघांनी भारतीय भागीदारांसह प्रवेश केला. त्यांच्यापुढे टेल्को टिकेल का, अशी चर्चा होती. टेल्कोने १९८६ मध्ये पुण्यात विकसित केलेला ४०७ बाजारात आणला. १९८५ नंतर येन महागला आणि जपानहून येणारे सुटे भागही महागले. ४०७ आजही वारीत दिंडीचे सामान वाहताना दिसतो. त्याच १९८६ मध्ये बजाजची कावासाकीच्या तंत्रज्ञानावरची मोटारसायकल आली.

२१/
वाहनांबरोबर कार्यपद्धतीही आली. भारतात क्वालिटी सर्कलची सुरुवात १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल कारखान्यात झाली. मासाकी इमाई यांचे ‘कायझेन’ हे पुस्तक १९८६ चे. नव्वदच्या दशकात हे शब्द आपल्या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपपर्यंत पोहोचले. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा नवा कारखाना सुरू झाला, तर आकुर्डीतील वाहननिर्मिती सप्टेंबर २००७ मध्ये थांबली. ब्रिजस्टोनचा टायर कारखाना २०१३ मध्ये चाकणला सुरू झाला. पट्ट्याचा गुरुत्वमध्य इंद्रायणी ओलांडून उत्तरेला सरकला.

२२/
या पद्धतीने काहीच दिले नाही, असे मी म्हणणार नाही. आण्णा सांगतात की आधी शॉपमध्ये तेलावरून घसरून पडणे रोजचे होते. पाच ‘एस’ आल्यावर जमीन कोरडी राहू लागली. हत्यार शोधण्यात जाणारा अर्धा तास वाचला. आणि मशिनवर उभ्या असणाऱ्या माणसाला त्या मशिनविषयी साहेबापेक्षा काही अधिक कळते, हे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले. पन्हळीची कल्पना आण्णांची होती. तिचा आनंद त्यांना झाला होता, आणि तो खोटा नव्हता.

२३/
परंतु पद्धत आली तेव्हा १९५५ चे पहिले तत्त्व तिच्याबरोबर आले नाही. आपल्याकडे ठेका कामगारांच्या नियमनाचा व निर्मूलनाचा कायदा १९७० मध्ये झाला होता. तरीही वार्षिक उद्योग पाहणीनुसार कारखान्यांतील कामगारांत ठेक्यावरील कामगारांचे प्रमाण विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे २० टक्के होते, ते आता ४० टक्क्यांच्या आसपास आहे. त्याशिवाय शिकाऊ उमेदवार आणि प्रशिक्षण योजनांतील प्रशिक्षणार्थी वेगळे. आमचा भाडेकरू ज्या लाइनवर होता तेथे भिंतीवर ‘आपली सूचना, आपली प्रगती’ असा फलक होता. त्याने एकही सूचना दिली नाही. सात महिन्यांसाठी आलेला माणूस कोणाच्या प्रगतीची सूचना देणार?

२४/
येथे थांबलो तर ‘जपान चांगला, आपण वाईट’ असे सोपे उत्तर हाती येईल. ते खरे नाही. जपानमधील ते वचन मुख्यतः मोठ्या कंपन्यांतील नियमित पुरुष कामगारांपुरते होते. लहान पुरवठादार कारखाने, स्त्रिया आणि हंगामी माणसे त्याच्या कुंपणाबाहेर होती. आपल्याला या बाहेरच्यांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

२५/
१९५४ मध्ये उत्तर जपानातील आओमोरीहून टोक्योच्या उएनो स्थानकाकडे एक विशेष गाडी सुटली. तिच्यात नुकतीच माध्यमिक शाळा संपवलेली, साधारण पंधरा वर्षांची मुले-मुली होती. त्यांना सामूहिक भरतीने शहरात कामाला नेले जात होते. पुढची वीस वर्षे अशा गाड्या धावल्या. शेवटची १९७५ मध्ये. मालक या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. १९५५ मध्ये निम्मीच मुले उच्च माध्यमिक शाळेत जात. सत्तरच्या दशकाच्या मध्याला हे प्रमाण ९० टक्क्यांपुढे गेले आणि स्वस्त अंडी संपली. उएनोच्या फलाटावर ट्रंक घेऊन उतरलेल्या त्या मुलांविषयी वाचताना मला आमच्या जिन्यात बॅग घेऊन उभी राहणारी मुले आठवतात.

२६/
शेतीचे काम नसते त्या महिन्यांत उत्तरेचे शेतकरी मोटार कारखान्यांत हंगामी कामाला येत. कामाता सातोशी या पत्रकाराने सप्टेंबर १९७२ पासून सहा महिने टोयोटात असाच हंगामी कामगार म्हणून काम केले आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. लाइनचा वेग, सुजलेले हात आणि खोलीवर येऊन नुसते झोपणे याविषयी त्याने लिहिले. त्या पुस्तकाच्या नावात ‘निराशेचा कारखाना’ हे शब्द आहेत. ज्या कारखान्याचे धडे जग गिरवत होते, त्याच कारखान्याचे हे वर्णन.

२७/
नव्वदनंतर कुंपणच आत सरकू लागले. १९९२ मध्ये जपानच्या कारखानदारीत दीड कोटीहून अधिक माणसे होती. डिसेंबर २०१२ मध्ये ही संख्या ५१ वर्षांत प्रथमच एक कोटीखाली गेली. अनेक कारखाने परदेशी गेले. ठेकेदारामार्फत माणसे पुरवण्यास १९८५ च्या कायद्याने मर्यादित परवानगी दिली होती. २००४ पासून उत्पादन क्षेत्रही त्यासाठी खुले झाले. २००८ च्या मंदीत या माणसांना प्रथम काढले गेले. कामाबरोबर कंपनीची खोलीही गेली. त्या वर्षाच्या अखेरीस टोक्योच्या हिबिया उद्यानात स्वयंसेवकांनी तंबू उभारले आणि सुमारे पाचशे बेघर कामगारांनी तेथे नववर्ष पाहिले. १९८४ मध्ये अनियमित कामगार सुमारे १५ टक्के होते. आज ते एक-तृतीयांशाहून अधिक आहेत.

२८/
आणि आता माणसेच कमी पडत आहेत. १९९५ च्या सुमारास जपानात काम करण्याच्या वयाचे ८ कोटी ७० लाख लोक होते. आज सुमारे ७ कोटी ४० लाख आहेत. १९९३ मध्ये परदेशी तरुणांसाठी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना सुरू झाली. भारत तिच्यात २०१७ मध्ये आला. नाव प्रशिक्षणाचे, गरज कामाची. मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नव्हती, आणि २०२३ मध्ये नऊ हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थी कामाची जागा सोडून बेपत्ता झाले. ही योजना बदलण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला. एप्रिल २०२७ पासून नवी व्यवस्था येणार असून तीत काही अटींवर मालक बदलता येईल. याखेरीज २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्य’ परवाना आहे. त्याचा पहिला प्रकार साधारणपणे पाच वर्षांचा, कुटुंबाविना. दुसऱ्या प्रकारात मुदतीची मर्यादा नाही आणि कुटुंबही नेता येते, पण त्यासाठी कठीण परीक्षा आहे.

२९/
एवढे वाचून झाल्यावर मी त्या मुलाला गच्चीवर बोलावले. आण्णाही आले. मी सांगितले, “पर्मनंट करतात, पण सगळ्यांना नाही, आणि बाहेरून आलेल्याला तर फार हळू. तिकडेही आपल्यासारखे आतले आणि बाहेरचे आहेत. पगार येथल्यापेक्षा बराच जास्त आहे, तेही खरे आहे. सही करण्याआधी विचार: पगार नक्की कोण देणार, मालक बदलता येईल का, आणि मुदत संपल्यावर काय.” त्याने ते तिन्ही प्रश्न जपानी अक्षरांच्या वहीत मागच्या पानावर मराठीत लिहून घेतले.

३०/
आण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्याला पन्हळीची आणि मामांची गोष्ट सांगितली. मीही ती त्यांच्या तोंडून प्रथमच सबंध ऐकली. शेवटी म्हणाले, “कागद दुसऱ्या कोणाला तरी वाचायला दे. मामांनी दर वेळी ज्या कागदावर सही केली, तो आम्ही पर्मनंटवाल्यांनी कधी वाचलाच नाही. युनियन आमची होती, सर्कल आमचे होते. मामा कशातच नव्हते.”

मुलगा म्हणाला, “काका, तुमच्या हाती काय व्हतं?”

“विचारणं होतं,” आण्णा म्हणाले.

३१/
जमीन अजून गहाण पडलेली नाही. एजन्सीने कराराची प्रत आधी देण्यास नकार दिला, तेव्हा त्याने तिचा नाद सोडला. तो आता एन-४ परीक्षेची तयारी करतो आहे आणि दुसरा रस्ता शोधतो आहे. दिवसा चाकणला चौथ्या कंपनीत आहे, पाचवा महिना चालू आहे. रात्री वरून त्याच्या पाठांतराचा आवाज येतो. परवा त्याला ‘कायझेन’ शब्द लिहायला शिकवला. त्याचा अर्थ नुसता ‘चांगला बदल’ एवढाच आहे, हे कळल्यावर तो हसला.

३२/
मित्रहो, आपल्या पट्ट्याचा हा इतिहास अजून घराघरांतच पडून आहे. तुमच्या घरी क्वालिटी सर्कलचे स्मृतिचिन्ह, सूचनापेटीची पावती, ठेकेदाराचे ओळखपत्र किंवा ब्रेकचे पत्र असेल तर टाकून देऊ नका. ज्यांचे ते आहे त्यांच्याकडून त्यामागची हकिकत लिहून घ्या. पर्मनंट झालेल्यांची घ्याच, पण कोणी मामा हयात असतील तर त्यांची आधी घ्या. आमचे मामा चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची हकिकत आमच्याकडे आहे ती फक्त आण्णांच्या बाजूने.

धागा समाप्त.